निळ्या पेटीवर घेतलेला आळ

मी एक जुनी लसीची पेटी आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा त्या थकलेल्या, समजूतदार आवाजात सांगतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर आणि माझ्या सोबतिणीवर एक खोटा आळ आला. तो कसा आला आणि कसा उतरला, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

एका कारखान्यात साच्यातून माझं निळं अंग निघालं. माझ्या दोन भिंतींच्या मधे घट्ट फेस भरला, वर पांढरं झाकण बसवलं आणि खांद्याला अडकवायला पट्टा लावला. माझ्या आत चारी बाजूंना गोठवलेल्या पाण्याच्या चार चपट्या बाटल्या उभ्या राहतात आणि मधल्या जागेत लस बसते. बाहेर ऊन कितीही तापलं तरी आतला गारवा जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ते काम मी सोलापुरात केलं, मित्रांनो, जिथे एप्रिलमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

माझी सोबतीण म्हणजे सायराबानू. ती आशा सेविका. नई जिंदगी भागातली घरं तिच्याकडे होती. पोलिओच्या रविवारी ती मला खांद्याला लावून सकाळी सातला निघायची. कुणी मला स्टूल समजून वर बसायला आलं की ती त्याला हात धरून उठवायची. झाकण उघडलं की दोन थेंबांपुरतं उघडं, लगेच बंद. करोनाच्या साथीत लोक रांगा लावून आमची वाट बघत होते. एका साहेबांनी तर माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. तेव्हा मी सगळ्यांना हवी होते. पुढे माझ्या झाकणाची बिजागरी तडकली. तेवढ्यावरून मला आरोग्य केंद्राच्या अडगळीच्या खोलीत झाडू आणि फिनेलच्या कॅनमधे टाकलं. तीन वर्षं मी तिथे पालीची अंडी सांभाळली.

मला तिथून सायराबानूनेच बाहेर काढलं. शहरातल्या एका संशोधन संस्थेत धनलक्ष्मी नावाची तरुण संशोधक होती. विणकरांच्या घरातली मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, माणसाच्या पोटातल्या विषाणूंवर काम करणारी. तिला चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांच्या शौचाचे नमुने गोळा करायचे होते आणि ते गार ठेवून संस्थेत आणायचे होते. या कामाला तिने सायराबानूला घेतलं. नवी पेटी मिळायला कागद फिरणार, महिना जाणार. सायराबानू म्हणाली, माझी जुनी पेटी हाय की. तिने मला घासून धुतलं, तडकलेल्या बिजागरीभोवती सुती नाडा आवळून बांधला, आत एक दिवस बर्फ ठेवून पाहिला आणि मगच धनलक्ष्मीला आणून दाखवलं.

आता तुम्ही नाक मुरडलंत, हे मला कळलं. सगळेच मुरडतात. ज्या रिक्षावाल्याने पूर्वी मला मांडीवर घेऊन नेलं असतं, त्यानेच आत काय आहे हे विचारलं आणि सायराबानूने खरं सांगितल्यावर आम्हाला अर्ध्या वाटेत उतरवलं. भर उन्हात ती मला घेऊन दीड किलोमीटर चालली. मला त्याचा फार संताप आला. लस असो की शी असो, माझ्यात जे ठेवलं ते कुणीतरी विश्वासाने दिलेलं होतं.

चिंचोळीत एका कापड कारखान्याच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या. तिथे बावीस जण राहत. कुणी दुधनीकडचे, कुणी उजनीच्या काठच्या गावांतले. घरी भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक, शेंगाची चटणी खाऊन वाढलेली ही माणसं. इथे आल्यावर कारखान्याच्या कँटीनमधे मैद्याचा पाव, तेलकट वडा, पातळ रस्सा, आणि पाळी संपली की टपरीवरची वेफर्सची पाकिटं आणि रंगीत थंड पेय. दुसरं काही मिळतच नसे आणि रांधायला कुणाला सवड नसे.

पहिल्या दिवशी धनलक्ष्मीने त्यांना अंगणात बसवून सगळं समजावलं. तिने विषाणू हा शब्द काढला आणि अर्धे जण उठायलाच निघाले. त्यांना वाटलं, बाई करोना तपासायला आली आहे आणि आता आपल्याला कोंडून घालणार. तिने त्यांना थांबवलं. ती म्हणाली की प्रत्येकाच्या आतड्यात जिवाणूंची दाट वस्ती असते, आणि त्या जिवाणूंवर जगणारे त्यांच्याहूनही बारीक विषाणू असतात. ते माणसाला धरत नाहीत, फक्त जिवाणूंना धरतात. काही जिवाणूला फोडून बाहेर पडतात. काही त्याच्या आतच वर्षानुवर्षं गुपचूप झोपून राहतात. आपण जे खातो त्यावर ठरतं की पोटात कोणते जिवाणू वाढायचे, आणि मग त्यावरच ठरतं की कोणते विषाणू वाढायचे आणि झोपलेल्यांतले कोण जागे व्हायचे. भाकरीचा चोथा आतड्यात खोलवर पोचतो आणि तिथल्या जिवाणूंचा घास होतो. मैदा आणि साखर तिथवर फारशी पोचतच नाहीत. मग खाली काय होतं, ते तिला बघायचं होतं.

मला ते सगळं पहिल्यांदाच कळत होतं. आयुष्यभर मी विषाणूंच्या विरुद्ध लढणारी लस वाहिली होती. पोटात इतके विषाणू आपापलं जगत असतील आणि माणसाच्या घासावर त्यांचं राज्य बदलत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मागच्या ओळीत शहाजी बसला होता. उजनीकडचा, पस्तिशीचा, अंगाने काटक. त्याला दोन वर्षं पोटाचा त्रास होता. दिवसातून पाच-सहा वेळा मशीन सोडून पळावं लागे. मुकादम सगळ्यांसमोर त्याला टोमणे मारायचा. आता पुन्हा मशीन सोडलंस तर गेटच्या बाहेर, असं त्याला सांगून झालं होतं. शहाजीने धनलक्ष्मीला एवढंच विचारलं की यातून जे निघेल ते आम्हाला कळणार का, की तुमच्या पुस्तकात जाणार. ती म्हणाली, कळेल. त्याने पुढे विचारलं की ते कागदावर मिळालं तर मॅनेजरपुढे ठेवून कँटीनमधे भाकरी मागता येईल का. ती म्हणाली की तसा कागद ती देईल, पण आत जे दिसेल तेच त्यात लिहील, त्याला हवं तसं नाही. त्याला ते पटलं. तो राहिला म्हणून बाकीचेही राहिले.

दोन आठवडे सगळ्यांनी नेहमीचंच खायचं, मग सहा आठवडे घरच्यासारखं जेवण, मग पुन्हा दोन आठवडे नेहमीचं, असं ठरलं. पहिल्या दोन आठवड्यांचे नमुने पुण्याला तपासणीला गेले. मग धनलक्ष्मीने रांधायला ठेवलेली केराबाई आली. जवळच्या वाडीतली विधवा बाई, हाताने भाकरी थापणारी. दोन सुनांना घेऊन ती रोज सकाळ-संध्याकाळ खोल्यांच्या मागे चुली मांडायची. पाकिटं बंद, रंगीत पाणी बंद. पहिल्या चार दिवसांत सगळ्यांची पोटं फुगली आणि लोक केराबाईवर चिडले. दुसऱ्या आठवड्यात मात्र तेच लोक ताटावर लवकर येऊन बसू लागले.

दर सोमवारी सकाळी सायराबानू बावीस डब्या माझ्यात उभ्या रचायची. आत खाचांचं एक फळकूट होतं, त्यात डबी हलायची नाही. कारखान्यातली मोठी माणसं, मिशा असलेली, मान खाली घालून डबी हातात द्यायची. ती कुणाची चेष्टा करत नसे. डबीवरचं नाव वाचायची, भाऊ म्हणायची आणि झाकण लावायची. अडीच तासांत आम्ही संस्थेत. तिथे एका खोलीत आडवा डीप फ्रीझर होता. डब्या त्यात उभ्या गोठवल्या की ती मला धुवायची, सावलीत वाळवायची आणि फ्रीझरसमोरच्या फळीवर ठेवून घरी जायची. सहा आठवड्यांच्या एकशे बत्तीस डब्या त्यात जमल्या. सगळ्या एकदम पुण्याला जाणार होत्या. सहाव्या आठवड्यात शहाजी दिवसातून एकदाच मशीन सोडत होता. त्याने ते सायराबानूला सांगितलं, तेव्हा तिने मला खांद्यावर सारखं केलं आणि हसली.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी संस्थेत पाहुणे येणार होते. नव्या सभागृहाचं उद्घाटन, हार, भाषणं, जेवण. विभागाचे साहेब सकाळपासून घाईत होते. साठ माणसांची थंड पेयं गार करायची राहिली होती आणि स्वयंपाकघरातला फ्रीज श्रीखंडाने भरलेला. साहेब आमच्या खोलीत आले. त्यांनी फ्रीझरचं झाकण वर केलं, नाकाला रुमाल लावला आणि शिपायाला बोलावलं.

शिपाई म्हणजे बसलिंगप्पा. अक्कलकोटकडचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. साहेबांनी त्याला डब्या बाहेर काढायला आणि बाटल्या आत लावायला सांगितलं. त्याने विचारलं की या डब्या बाहेर ठेवलेल्या चालतील का. साहेब म्हणाले, तास-दोन तासांनी काय होतंय, घाण तर आहे. मग त्याने त्या सगळ्या पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांत आडव्यातिडव्या भरल्या आणि व्हरांड्यात भिंतीशी ठेवल्या. जिथून त्या निघाल्या, तिथे रंगीत पाण्याच्या बाटल्या आडव्या झाल्या. ज्या पाण्यापासून त्या बावीस जणांनी सहा आठवडे तोंड दूर ठेवलं होतं, त्याच पाण्याच्या बाटल्या.

मी हे सगळं फळीवरून, उघड्या दारातून पाहत होते. मला तोंड नाही, मित्रांनो. असतं तर मी किंचाळले असते. दुपारी बाटल्या गेल्या, फ्रीझर रिकामा झाला, पण डब्या परत लावायला कुणी आलं नाही. बसलिंगप्पाला आधी वाढायला आणि मग पाहुण्यांना सोडायला पाठवलं होतं. व्हरांडा त्रेचाळीस डिग्रीला तापला होता. सहा आठवड्यांची भाकरी, बावीस माणसांची लाज, केराबाईच्या तळहाताचे फोड, आणि त्यातून वाढलेले ते बारीक जीव, सगळं त्या खोक्यांत वितळत होतं. बसलिंगप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने खोकी बघितली आणि कपाळाला हात लावला. मग त्याने डब्या तशाच आडव्या पुन्हा फ्रीझरमधे ठेवल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात धनलक्ष्मी डब्या पाठवायला काढू लागली. पहिली डबी हातात घेतली आणि ती थबकली. डबी उभी धरली तरी आतला गोळा तिरका गोठलेला होता, एका अंगाला चिकटून. दुसरी तशीच, तिसरी तशीच. काहींची झाकणं फुगली होती. डब्या पुऱ्या वितळून आडव्या पडल्या होत्या आणि तशाच पुन्हा गोठल्या होत्या, हे तिला लगेच कळलं. वितळलेल्या डबीत जिवाणू आपापले वाढतात, मरतात, त्यांच्यातले विषाणू बाहेर पडतात. मग भाकरीने काय केलं आणि व्हरांड्याने काय केलं, हे कुणालाच वेगळं काढता येत नाही. ती फ्रीझरला टेकून खाली बसली.

चौकशी झाली. चौकशीला साहेबच बसले, अजून दोघांना घेऊन. त्यांनी माझी बिजागरी हलवून बघितली, नाडा ओढून बघितला. कागदावर लिहिलं गेलं की वाहतुकीची पेटी जुनी आणि सदोष होती, आशा सेविकेने निष्काळजीपणा केला, त्यामुळे नमुने वाटेतच खराब झाले. सायराबानूला कामावरून काढावं आणि आरोग्य खात्याला तसं कळवावं. म्हणजे पंधरा वर्षांची तिची सेवाही जाणार. बसलिंगप्पा दाराशी उभा होता. तो फरशीकडे बघत होता. धनलक्ष्मी टेबलाच्या कडेला बसली होती. दर सोमवारी माझ्यातला बर्फ तिने स्वतः तपासला होता, तिला माहीत होतं. ती गप्प बसली. तिच्या पुढच्या कामाच्या कागदावर साहेबांची सही लागणार होती.

मला सगळ्यांत जास्त राग कुणाचा आला असेल? साहेबांचा नाही. साहेब तसेच होते. मला राग आला तो तिच्या गप्प बसण्याचा.

बाहेर आल्यावर सायराबानूने मला खाली ठेवलं. ती धनलक्ष्मीकडे वळली, पण तिचा आवाज चढला नाही.

"मॅडम, तुमी गप का बसलात?" ती म्हणाली. "पोलिओच्या टायमाला माझ्या पेटीतली एक बाटली कधी खराब निघाली न्हाय. ही पेटी खोटी असती तर मी हिच्यात लेकरांची लस नेली असती व्हय?"

धनलक्ष्मीने सायराबानूचा हात धरायला हात पुढे केला. सायराबानूने तो धरू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सायराबानू संस्थेत आली. तिने गोठवलेल्या चार बाटल्या माझ्यात लावल्या, मधे पाण्याने भरलेल्या गार डब्या ठेवल्या आणि मला साहेबांच्या खोलीसमोरच्या उघड्या फरशीवर आणून ठेवलं. तिथे सावलीचा मागमूस नव्हता. मग ती साहेबांकडे गेली. तुम्ही पेटी खोटी म्हणता, तर तुम्हीच कागद चिकटवून त्यावर सही करा, म्हणजे मधे कुणी उघडली असं म्हणायला नको, असं ती म्हणाली. अडीच तासांच्या वाटेत माल खराब झाला म्हणता ना, मग मी पेटीजवळ सात तास उन्हात बसते. साहेब हसले. हसतच त्यांनी सही केली. बाई तासाभरात उठून जाईल, असं त्यांना वाटलं असावं.

ती गेली नाही. डोक्यावर ओढणी घेऊन ती माझ्या शेजारी फरशीवर बसली. तिने माझ्यावर सावली धरली नाही. तिने आपला धीर धरला, मी माझा गारवा. अकरा वाजता फरशीचा चटका तिच्या कपड्यांतून वर येऊ लागला. बारा वाजता ये-जा करणारे थांबू लागले. कुणी म्हणालं, बाई सावलीला बसा. तिने मान हलवली. माझ्या निळ्या अंगाला हात लावला तर भाजलं असतं, इतकी मी तापले होते. पण आत, मित्रांनो, आत मी थंडी घट्ट कवटाळून ठेवली होती. इतक्या वर्षांत मी कधी इतक्या जिद्दीने काम केलं नव्हतं. मला तोंड नव्हतं. माझी साक्ष मला गारव्यानेच द्यायची होती.

एक वाजता धनलक्ष्मी बाहेर आली. तिच्या हातात थर्मामीटर होता. ती सायराबानूच्या शेजारी उन्हात बसली आणि थर्मामीटर फरशीवर ठेवला. मग तिने एवढंच सांगितलं की काल तिने चूक केली. सायराबानूने आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यापुढे सरकवलं.

पाच वाजता साहेबांना बोलावलं. आता व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं होती. साहेबांनी आपली सही तपासली, कागद फाडला, झाकण उघडलं. धनलक्ष्मीने थर्मामीटर आत ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. बाहेर त्रेचाळीस. आत चार.

साहेब म्हणाले की याने काही सिद्ध होत नाही, त्या दिवशी बर्फ कमी असेल. ते वळून आत निघाले होते. तेवढ्यात गर्दीतून बसलिंगप्पा पुढे आला. तो सकाळपासून दर तासाला कुठल्यातरी निमित्ताने व्हरांड्यात येऊन तिला बघून गेला होता.

"डब्या मी काढलो, साहेब," तो म्हणाला. "तुमीच सांगितला की, बाटल्या गार करायला. रातभर हितं भिंतीला पडल्या होत्या. त्या बाईचा काई दोष न्हाई."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

तुम्हाला वाटेल, आता साहेबांना शिक्षा झाली असेल. नाही झाली. चौकशीच्या कागदावरून आमच्या दोघींबद्दलच्या ओळी तेवढ्या खोडल्या गेल्या. फ्रीझरच्या वापराबाबत सर्वांनी दक्षता घ्यावी, असं एक पत्रक भिंतीवर लागलं. बसलिंगप्पाला मात्र नोटीस मिळाली आणि त्याची बदली फाटकावर झाली. माफी कुणी मागितली नाही. सायराबानूची नाही, माझी तर नाहीच. म्हणून मी म्हणते की माझा राग गेलेला नाही.

सगळ्यांत अवघड काम अजून पुढेच होतं. ते त्या बावीस जणांना सांगायचं होतं. धनलक्ष्मीच्या मनात होतं की तांत्रिक अडचण आली असं सांगावं. सायराबानू म्हणाली, खोटं सांगायचं असेल तर मी येत नाही. मग दोघी चिंचोळीला गेल्या, मीही गेले, आणि अंगणात बसून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तोवर ती माणसं पुन्हा कँटीनच्या खाण्यावर आली होती. शहाजीचं पोट पुन्हा बिघडलं होतं.

केराबाईही ऐकायला आली होती. विझलेल्या चुलीपाशी उभं राहून तिने पदर तोंडाला लावला. मग शहाजी उठला. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता.

"आमी आमच्या पोटातलं काडून तुमच्या हातात दिलं," तो म्हणाला. "आमाला काय लाज न्हवती? आन् तुमी त्येच्या जागी बाटल्या ठिवल्या. आमची किंमत त्या बाटलीएवडी बी न्हाय."

धनलक्ष्मीने मान खाली घातली नाही. ती म्हणाली, खरं आहे. आणि मग तिने विचारलं की पुन्हा एकदा सगळं कराल का.

सात जणांनी तिथेच नाही म्हटलं आणि ते खोल्यांत निघून गेले. त्यांचं काही चुकलं नाही. उरलेले पंधरा शहाजीकडे बघत राहिले. तो म्हणाला की करतो, पण दोन अटींवर. फ्रीझरला कुलूप लागेल आणि त्याची किल्ली सायराताईकडे राहील, साहेबांकडे नाही. आणि जे निघेल ते आधी इथे, या अंगणात, आमच्या भाषेत सांगायचं. मग कुठे छापायचं ते छापा. धनलक्ष्मीने दोन्ही अटी लिहून खाली सही केली. कुलपासाठी ती साहेबांच्या दारात चार दिवस उभी राहिली. पाचव्या दिवशी कुलूप आलं.

मग पुन्हा दोन आठवडे कँटीनचं खाणं, पुन्हा सहा आठवडे केराबाईच्या भाकऱ्या, पुन्हा दोन आठवडे कँटीन. दर सोमवारी सायराबानू, मी आणि पंधरा डब्या. पावसाळा संपता संपता पुण्याहून निकाल आला आणि धनलक्ष्मी तो घेऊन सरळ चिंचोळीला आली.

तिने सांगितलं ते असं. प्रत्येकाच्या पोटातली विषाणूंची वस्ती ज्याची त्याची वेगळी होती, आणि भाकरी खाऊनही ती दुसऱ्यासारखी झाली नाही. शहाजीचे विषाणू शहाजीचेच राहिले. पण त्यांच्यात कोण जास्त आणि कोण कमी, हे पहिल्या आठवड्यातच बदललं. चोथ्यावर जगणारे जिवाणू वाढले आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्यावर जगणारे विषाणू. काहींच्या पोटात कँटीनच्या दिवसांत जे विषाणू जिवाणू फोडून बाहेर पडत होते, ते भाकरीच्या दिवसांत कमी दिसले. आणि पुन्हा पाव-वडा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत सगळं बरंचसं पूर्वपदावर गेलं. शहाजीचा त्रास या विषाणूंमुळेच होता, असं मात्र ती म्हणू शकत नाही. पंधरा माणसांवरून तेवढं कळत नाही. खाल्ल्याने आतलं जग हलतं आणि लवकर हलतं, एवढं नक्की कळलं.

शहाजीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "म्हंजे माज्या पोटात कुणी ऱ्हायाचं, त्ये त्यो कँटीनवाला ठरवतोय."

धनलक्ष्मी म्हणाली, थोडंफार तसंच.

तो कागद घेऊन ते पंधरा जण मॅनेजरकडे गेले. नाही म्हणालेले सातही मागून आले. आता कँटीनमधे आठवड्यातून तीन दिवस भाकरी, डाळ आणि पालेभाजी मिळते. ती केराबाई आणि तिच्या सुना करतात. तीनच दिवस का, म्हणून भांडण अजून चालू आहे. शहाजी उरलेल्या दिवशी डबा नेतो. तो अजून त्याच मशीनवर आहे.

मित्रांनो, मी आता फार काळ टिकणार नाही. माझ्या बुडाला चीर गेली आहे, गारवा पूर्वीइतका धरवत नाही, आणि हे मी स्वतः सांगते आहे, कुणी आळ घेतला म्हणून नाही. जाण्याआधी मला काही मागायचं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या हाताखाली शिपाई असतील, कुणाच्या टेबलावर सहीचे कागद येतील. कुणी लाज बाजूला ठेवून तुमच्या हाती काही दिलं, तर ते तुम्हाला कितीही किळसवाणं वाटलं तरी जपा. पोटात काय घालता तेही बघा, कारण तिथे तुम्ही एकटे राहत नाही. आणि तुमच्या हातून चूक झाली तर ती तुमची म्हणून सांगा. ती माझ्यासारख्या बोलता न येणाऱ्या वस्तूवर ढकलू नका. ज्या माणसांना बोलता येतं पण कुणी बोलू देत नाही, त्यांच्यावर तर मुळीच ढकलू नका.